काळ्या पाषाणातली पोकळी

स्लोव्हेनियातील पोस्तोयना हे लहानसे शहर जगाच्या नकाशावर ठळक झाले ते शेजारच्या डोंगरातील अंधारामुळे. पिव्का नावाच्या नदीने तेथील चुनखडीत शिरून लाखो वर्षांत दालनांचे आणि बोगद्यांचे जे जाळे तयार केले, त्याची आजवर मोजलेली लांबी सुमारे २४ किलोमीटर भरते. १८१८ मध्ये ऑस्ट्रियाच्या सम्राटाच्या भेटीची तयारी चालू असताना लुका चेच या स्थानिक रहिवाशाला आतल्या दालनांचा शोध लागला, पुढच्याच वर्षी गुहा लोकांसाठी खुली झाली, १८७२ मध्ये तिच्यात रूळ टाकण्यात आले आणि वाटाडे त्यावरून पाहुण्यांचे डबे हाताने ढकलू लागले, तर १८८४ मध्ये तेथे विजेचे दिवेही लागले. आत बारमाही दहा अंशांच्या आसपास राहणारी थंडी, पाण्यात राहणारा ओल्म हा आंधळा आणि फिकट कातडीचा उभयचर प्राणी, आणि छतापासून उतरलेले दगडाचे शुभ्र झोत पाहण्यासाठी आज तेथे जगभरातून माणसे येतात. त्यांत एखादा मुंबईकर मराठी प्रवासी असेल, मग तो गिरगावचा असो की लालबागचा, तर त्याने तेथे पाहिलेले सारे आपल्याकडच्या लेण्यांशी ताडून पाहावे. कारण डोंगराच्या पोटातली पोकळी दोन्हीकडे आहे आणि दोन्हीकडे ती दगड नाहीसा झाल्यामुळेच निर्माण झाली आहे. दगड कोणी नाहीसा केला आणि कशाने, या प्रश्नापाशी मात्र दोहोंच्या वाटा पार वेगळ्या होतात.

चुनखडीच्या गुहेची घडण पाण्याच्या रसायनाने होते. पावसाचे पाणी मातीतून झिरपताना तिच्यातला कार्बन डायऑक्साइड सोबत घेते आणि सौम्य आम्ल बनते. चुनखडी हा मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा, बहुतांशी समुद्रातल्या जीवांच्या कवचांच्या साठ्यातून तयार झालेला खडक अशा पाण्यात हळूहळू विरघळतो, त्याच्या भेगा रुंदावतात, भेगांच्या नाळा होतात आणि नाळांची दालने होतात. पुढे तेच पाणी छतातून ठिबकताना त्यातला वायू हवेत निघून जातो आणि विरघळलेला चुना पुन्हा दगड होऊन थेंबाच्या जागी बसतो. छतापासून खाली वाढणाऱ्या अशा दगडी कांडीला अधोमुखी लवणस्तंभ आणि थेंब पडतो तेथून वर वाढणाऱ्या कांडीला ऊर्ध्वमुखी लवणस्तंभ म्हणतात. दोघांची गाठ पडली की अखंड खांब उभा राहतो. वाढीचा वेग इतका मंद की एक मिलिमीटर भर पडायला साधारणपणे दहा वर्षे लागतात. अशा प्रदेशाला जगभर कार्स्ट म्हणतात आणि ते नाव स्लोव्हेनिया-इटलीच्या सीमेवरील पठारावरूनच सर्वत्र गेले आहे.

मुंबईच्या भूमीत असे काही घडणे शक्य नव्हते. हे शहर ज्या खडकावर उभे आहे तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर ज्वालामुखीच्या उद्रेकांनी पसरलेल्या लाव्हाचा आहे. लाव्हाच्या एका थरानंतर दुसरा थर येईपर्यंत जो काळ गेला, त्यात साठलेल्या गाळात वरळीच्या टेकडीवर छोट्या बेडकांचे जीवाश्म मिळाले आणि १८४७ मध्ये रिचर्ड ओवेन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने त्यांचे वर्णन केले, एवढी जुनी आणि एवढी जिवंत स्मृती या दगडात आहे. पण बसाल्ट, म्हणजे आपल्याकडे ज्याला काळा पाषाण म्हणतात तो खडक, ज्या सिलिकेट खनिजांचा बनलेला आहे ती चुन्यासारखी पाण्यात विरघळत नाहीत. पावसाळ्यात किती का पाणी त्यावरून वाहो, त्यातून पोस्तोयनासारखी दालने उघडणार नाहीत. म्हणून कान्हेरी, महाकाली, जोगेश्वरी, मंडपेश्वर किंवा घारापुरी, यांपैकी कोठेही माणूस डोंगराच्या पोटात शिरून उभा राहतो तेव्हा तो माणसांनीच रिकाम्या केलेल्या जागेत उभा असतो. त्या रिकाम्या जागेतला दगडाचा कण न् कण छिन्नीच्या टोकाने सुटा झालेला आणि कोणाच्या तरी डोक्यावरून किंवा पाठीवरून बाहेर गेलेला आहे.

यांपैकी दक्षिण मुंबईच्या सर्वांत जवळचे लेणे घारापुरीचे. अपोलो बंदरावरून सुटणारी लाँच साधारण तासाभरात ज्या बेटाला लागते, ते प्रशासनाच्या दृष्टीने रायगड जिल्ह्यात, उरण तालुक्यात आहे. पण मुंबईच्या मनात ते मुंबईचेच आहे. मुख्य लेणे सहाव्या शतकाच्या मध्याच्या सुमाराचे मानले जाते, आणि कलचुरी राजा कृष्णराज याची नाणी बेटावर सापडल्यामुळे अनेक अभ्यासक ते त्याच्या काळाशी जोडतात, तर काही कोकणच्या मौर्यांकडे बोट दाखवतात. दालन उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम असे दोन्ही दिशांना सुमारे १३० फूट पसरलेले आहे. त्यातले खांब पाहताना पोस्तोयनाची आठवण उपयोगी पडते, कारण तेथे खांब हा थेंबाथेंबाने भर पडून झालेला असतो आणि येथे तो आजूबाजूचे सगळे काढून घेतल्यावर मागे ठेवलेला असतो. कोरीव लेण्यात काम साधारणपणे छतापासून खाली येत जाते; ज्या पाथरवटाने छताची पातळी धरली, त्याला तेव्हाच ठाऊक असावे लागते की कोणत्या जागी खांब राहणार आहे, त्याच्या माथ्यावरची खोबणीदार उशी कोठे सुटणार आहे आणि किती फूट खाली गेल्यावर जमीन लागणार आहे, कारण बांधकामात चुकलेला चिरा बदलता येतो आणि लेण्यात एकदा गेलेला दगड परत आणता येत नाही. जेम्स बर्जेस याने १८७१ मध्ये या लेण्यावर पुस्तक लिहिले तेव्हा सव्वीस सुट्या खांबांपैकी आठ मोडलेले होते आणि छत मात्र जागच्या जागी होते, यावरून त्या खांबांचे प्रयोजन वजन पेलण्यापुरते नव्हते हे ध्यानात येते. ते जागेला लय देतात, मधल्या चौकांना दिशा देतात आणि पाहणाऱ्याच्या पावलाला कोठे थांबायचे ते सांगतात.

दिशांची ही योजना हेच या लेण्याचे खरे वैशिष्ट्य आहे आणि घाईने येणाऱ्या पाहुण्याच्या हातून नेमके तेच निसटते. लेणे उत्तर, पूर्व आणि पश्चिम अशा तीन बाजूंनी उघडे आहे. उत्तरेकडून आत येणाऱ्याच्या समोर, दक्षिणेच्या भिंतीत, सुमारे १८ फूट उंचीची सदाशिवाची प्रसिद्ध मूर्ती येते. लोक तिला त्रिमूर्ती म्हणत आले असले तरी त्यात ब्रह्मा-विष्णू-महेश नसून एकाच शिवाची तीन मुखे आहेत. मधले ध्यानमग्न तत्पुरुष, एका बाजूचे सर्प आणि मिशा असलेले उग्र अघोर आणि दुसऱ्या बाजूचे हातात कमळ घेतलेले सौम्य, स्त्रीरूपाकडे झुकलेले वामदेव. परंतु पूर्वेच्या दाराने आत येणाऱ्याला सरळ रेषेत जे दिसते ते चार दारांचे, आठ भव्य द्वारपालांनी राखलेले लिंगाचे गर्भगृह आहे, आणि अनेक अभ्यासकांच्या मते पूजेचा मूळ अक्ष हाच होता. म्हणजे एकाच दालनात दोन वाटा एकमेकींना छेदतात, एक निराकाराकडे जाणारी आणि दुसरी रूपाकडे जाणारी, आणि त्या दोन्हींच्या काठाने अर्धनारीश्वर, गंगाधर, नटराज, योगीश्वर, अंधकासुरवध, शिवपार्वतीचा विवाह असे शिल्पपट भिंतींच्या खोल कोनाड्यांत बसवलेले आहेत. दिवसभरात तीन बाजूंनी येणारा उजेड सरकत जातो आणि सकाळी सपाट दिसलेला पट दुपारी खोल दिसतो. पोस्तोयनाच्या अंधारात दिवा नसेल तर काहीच नसते, आणि दिवा लावला तर त्याच्या उजेडात ओल्या दगडावर शेवाळ धरते म्हणून तेथील व्यवस्थापकांना प्रकाशही मोजून द्यावा लागतो. घारापुरीच्या कारागिरांनी सूर्यालाच आपल्या कामात धरले होते.

चुन्याचा मात्र घारापुरीशी एक जवळचा संबंध होता. दियोगो दो कोतो या पोर्तुगीज इतिहासकाराने लिहून ठेवले आहे की या देवळाच्या आतल्या बाजूला चुना आणि इतर द्रव्ये मिसळलेला सुरेख लेप होता आणि त्यामुळे ते फार उजळ व देखणे दिसत असे. आज दिसणारा करडा, खरबरीत दगड म्हणजे या वास्तूचे अंतिम रूप, अशी जी समजूत सहज होते, ती या नोंदीने बाजूला ठेवावी लागते. जो चुना निसर्गाने मुंबईच्या खडकात ठेवला नव्हता तो माणसांनी आणून त्या खडकावर चढवला होता, आणि शिल्पांचे चेहरे, दागिने, वस्त्रांच्या चुण्या यांचे शेवटचे बारकावे त्या पातळ पांढऱ्या थरावर रंगाने उमटलेले असणार, असे मानायला जागा आहे. आज लेण्याकडे पाहताना हा हरवलेला उजळपणा मनाने परत चढवावा लागतो, आणि ते कष्ट घेण्याजोगे आहेत.

हरवले ते एवढेच नाही. १५३४ च्या तहाने वसई आणि तिच्यासोबत ही बेटे पोर्तुगीजांकडे गेली, आणि लेण्यात असलेला एक शिलालेख वाचण्यासाठी काढून पोर्तुगालच्या राजाकडे पाठवण्यात आला. तो कोणाला वाचता आला नाही आणि पुढे त्याचा ठावठिकाणाच राहिला नाही. हे नुकसान मोडलेल्या खांबांपेक्षा मोठे आहे. लेणे कोणी खोदवले, कोणत्या वर्षी, कोणत्या संकल्पाने, याची उत्तरे बहुधा त्या एका दगडावर होती, आणि ती नसल्यामुळे कलचुरी की मौर्य हा वाद आजतागायत नाण्यांच्या आणि शैलीच्या आधारावर चालवावा लागतो. लेणे रिकामे असले तरी बेट मात्र ओसाड झाले नाही. महाशिवरात्रीला किनाऱ्यावरची माणसे लिंगाच्या दर्शनाला येत राहिली, आणि एकोणिसाव्या शतकात बर्जेसलाही त्या जत्रेची दखल घ्यावी लागली. त्याच शतकात, १८७५ मध्ये, भारतभेटीवर आलेल्या ब्रिटिश युवराजासाठी याच दालनात खांबांच्या रांगांमध्ये मेजवानी मांडण्यात आली. पोस्तोयनाची दालनेही एका सम्राटाच्या स्वागताच्या खटपटीतच उजेडात आली हे खरे. पण ती दालने कोणाची देवघरे नव्हती, आणि दोन स्वागतांमधला हा फरक मराठी वाचकाला समजावून सांगण्याची गरज नाही.

बेटाला एलिफंटा हे नाव पोर्तुगीजांनी ज्या दगडी हत्तीवरून दिले, तो हत्ती आता बेटावर नाही. १८१४ मध्ये त्याचे डोके आणि मान गळून पडली, १८६४ मध्ये त्याला इंग्लंडला नेण्याचा घाट घातला गेला आणि उचलताना तो कोसळून त्याचे तुकडे झाले. ते तुकडे भायखळ्याच्या राणीच्या बागेत आणून ठेवण्यात आले आणि १९१४ मध्ये जोडून पुन्हा उभे करण्यात आले. आज जिजामाता उद्यानाच्या आवारात, डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या शेजारी, तो उभा आहे. लालबाग-परळच्या पिढ्यान् पिढ्यांनी लहानपणी राणीच्या बागेत जाताना तो पाहिला आहे, बहुतेकांनी तो कोठून आला हे न विचारता पाहिला आहे, आणि आता पेंग्विन पाहायला निघालेली मुलेही त्याच्याजवळून जातात. तो ज्या इमारतीच्या सावलीत आहे तिचे नाव ज्यांच्यावरून पडले, ते भाऊ दाजी वैद्यकाइतकेच प्राचीन लिपींचे जाणकार होते आणि त्यांनी अजिंठ्याचे शिलालेख वाचून प्रसिद्ध केले. घारापुरीचा शिलालेख तीन शतके आपल्या जागी टिकला असता, तर त्याचा वाचक मुंबईतच तयार होता. इतिहासात इतकी नेमकी चुकामूक क्वचितच झाली असेल.

घारापुरीची हकीकत बेटावर संपत नाही, आणि हे सर्वांत स्पष्टपणे परळमध्ये कळते. १९३१ मध्ये तेथे रस्त्याचे काम चालू असताना जमिनीतून एक प्रचंड शिला निघाली, माणसाच्या जवळजवळ दुप्पट उंचीची, घारापुरीच्या पाषाणापेक्षा फिकट दगडाची. ती जवळच्या बारादेवी मंदिरात नेऊन उभी करण्यात आली आणि तेव्हापासून तेथे पूजेत आहे. पुढे पुरातत्त्व खात्याने तिला संरक्षित स्मारक म्हणून जाहीर केले. तिच्यावर मध्यभागी शिव उभा आहे, त्याच्या खांद्यांमागून दुसरा शिव वर निघतो आणि त्याच्या वर तिसरा, आणि खालच्या दोघांच्या दोन्ही अंगांनी तिरपे झेपावणारे आणखी चार, असे एकूण सात देह एकाच देहातून फुटत जातात. पायथ्याशी वाद्ये घेतलेले गण आहेत, आणि त्यांच्यामुळे काही अभ्यासकांना या सात आकृतींत संगीताचे सप्तस्वर दिसले आहेत. स्टेला क्रॅमरिश यांच्यासारख्या कलाभ्यासकांनीही या शिलेवर लिहिले आहे. काळ पाचव्या-सहाव्या शतकाचा, म्हणजे घारापुरीच्या जवळपासचा.

तेव्हाचे परळ हे खाड्यांनी वेढलेले एक बेट होते, आणि पूर्वेच्या शिवडीच्या बाजूने पाण्यापलीकडे घारापुरीचा डोंगर दिसत असणार, तेव्हा दोन्ही ठिकाणचे शिल्पकार एकाच परंपरेतले असावेत हा तर्क बळकट वाटतो. शिला अपुरी आहे. काही भागांची घडण शेवटास नेलेली नाही, आणि त्यामुळे ती जेथे पाहता येते तेथे पूर्ण झालेल्या घारापुरीपेक्षा अधिक काही शिकवते. आकृती दगडातून कशी सोडवली जाते, अंगाचा गोलवा आधी आणि अलंकार नंतर कसे येतात, हे तिच्यात अर्ध्यावर थांबलेले दिसते. पुरी झालेली मूर्ती कारागिराला लपवते. परळच्या शिलेत तो अजून कामावर आहे. एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकांत ज्या परिसरात गिरण्यांचे भोंगे वाजले आणि जेथे हजारो माणसांनी पाळ्यांवर हातांनी काम केले, त्या परिसराच्या मातीखाली अनामिक हातांचे हे अपुरे काम इतकी शतके निजून होते. या योगायोगातून अर्थ काढायचा मोह आवरला तरी परळकरांना त्या शिलेविषयी वाटणारी आपुलकी समजते. कलेच्या इतिहासात जिची गणना भारतातल्या थोर शिल्पांत व्हावी, ती शिला मुंबईतल्याच किती सुशिक्षितांना ठाऊक नाही, हे मात्र खेदाने म्हणावे लागते. कोट भागातल्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात तिची प्रतिकृती आहे, पण प्रतिकृतीपुढे कोणी फूल वाहत नाही, आणि फुलांनी व शेंदराने वेढलेली मूळ शिला पाहताना अभ्यासकाला जी अडचण होते तीही तिच्या आयुष्याचाच भाग मानली पाहिजे.

पोस्तोयना हे शहर आपल्या गुहेवर जगते. तिची गाडी, तिचे वाटाडे, तिचे तिकीट, तिच्या ओल्मची निगा, हे सारे त्या शहराचे रोजचे कामकाज आहे. शेजारच्या श्कोत्सियानच्या चुनखडीच्या गुहांना १९८६ मध्ये जागतिक वारसास्थळाचा मान मिळाला आणि पुढच्याच वर्षी तो घारापुरीला मिळाला, पण त्यानंतर बेटाच्या वाट्याला जे आले त्याकडे डोळेझाक करता येत नाही. शेतबंदर, मोराबंदर आणि राजबंदर या घारापुरीच्या वस्त्यांना समुद्रतळातून टाकलेल्या तारेने कायमची वीज मिळाली ती फेब्रुवारी २०१८ मध्ये. तोवर संध्याकाळचे काही तास जनरेटरवर काढून उरलेली रात्र ती माणसे अंधारात बसत, आणि समोर पाण्यापलीकडे मुंबईचे दिवे रात्रभर जळत. जागतिक वारशाच्या शेजारी राहणाऱ्यांना तीस वर्षे विजेची वाट पाहावी लागावी, ही गोष्ट लेण्याविषयीच्या कोणत्याही लिखाणात गाळू नये. लेण्याचा वारसा आणि त्याच्या पायथ्याशी होडी, जाळे, भातखाचर आणि पाहुण्यांची दुकाने यांवर गुजराण करणाऱ्यांचा वारसा वेगळे काढता येत नाहीत.

या सर्वांचा विचार करता घारापुरीची भेट एका दिवसात उरकण्याजोगी नाही, आणि तिची सुरुवात गेटवेवर व्हायला नको. आधी परळला बारादेवीची शिला पाहावी, मग राणीच्या बागेतल्या हत्तीपुढे थोडे थांबून त्याच्या जोडांच्या खुणा शोधाव्यात, आणि सोमवार वगळून एखाद्या दिवशी सकाळच्या पहिल्या लाँचने बेटावर जावे, कारण सोमवारी लेणे बंद असते. वर पोचल्यावर उत्तरेच्या दाराने सदाशिवाकडे धाव न घेता आतून पूर्वेच्या बाजूला जाऊन तेथून पुन्हा आत वळावे. तेथे दाराच्या एका बाजूला कैलासावर बसलेले शिवपार्वती आहेत आणि दुसऱ्या बाजूला तोच कैलास उखडू पाहणारा रावण आहे. डोंगर हलवण्याच्या त्या पटापुढे पाहणारा स्वतः डोंगराच्या आत उभा असतो. त्या जागी पंधरा मिनिटे थांबले तर उजेड सरकलेला दिसतो, आणि मग लिंगाच्या गर्भगृहाला प्रदक्षिणा घालून दक्षिणेच्या भिंतीकडे जावे, तोवर पहिल्या लाँचची गर्दी सदाशिवापुढे छायाचित्रे काढून बहुधा परतीच्या पायऱ्यांना लागलेली असते.